राखणीला बसलेल्या सीताबाई

इंग्रज देश सोडून गेले, पण त्यांचं व्याकरण माझ्या गळ्यात टाकून गेले. स्वराज्यात ते कुणाला हवंय, असं मी स्वतःला विचारत असे आणि रोज चार वाजता शाहूपुरीत भूपाल अडत्यांच्या घरी शिकवणीला जात असे. त्यांची मुलगी त्रिशला मॅट्रिकला बसणार होती. जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवणं, त्यामुळं शिकवणीही उन्हातच उरकावी लागे.

खाली गुळाची अडत, वर बिऱ्हाड. तरण्या मुलीला परक्या पुरुषासमोर एकटीला बसवायची रीत नव्हती, म्हणून त्रिशलाची आई सीताबाई राखणीला बसत. उंबऱ्याला पाठ टेकून, सुपात तांदूळ घेऊन. मी पन्नाशीचा, टक्कल पडलेला, दम्याचा. माझ्यापासून कुणाला काय धोका होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तांदूळ मात्र त्या घरात फार स्वच्छ असे.

पहिल्याच महिन्यात गाडं अडलं. एकाला 'इज', अनेकांना 'आर', एवढं सोपं. त्रिशला कुत्र्याला 'इज' लावी, मांजराला लावी, बापाची वेळ आली की 'माय फादर आर इन द शॉप'. मी दुरुस्त करी, ती पुन्हा तेच म्हणे. शेवटी मी चिडलो.

"तुझे वडील किती आहेत?"

"एकच. पण आप्पांना एकेरी कसं म्हणायचं?"

एवढ्यात जिन्यात भूपालराव उभे. "बरोबर हाय तिचं. बापाला एकेरी? आमच्यात चालत न्हाय, मास्तर. साहेबाच्यात चालत असंल."

मी पुस्तक मिटलं. तेव्हा सीताबाई सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, "इंग्रजीत बाप एकेरीच असतोय. घरात काय म्हणायचं ते घरात म्हण. पेपरात मास्तर सांगत्यात तसं लिही."

भूपालराव खाली गेले. तेव्हापासून बाप 'इज' झाला. वर्तमानकाळ संपला, भूतकाळ संपला, आम्ही भविष्यकाळाच्या दारात आलो, आणि संकेश्वरचं स्थळ आलं. मुलगा वकिलीचा अभ्यास करत होता. त्यांना लग्न माघात हवं होतं. परीक्षा फाल्गुनात.

भूपालरावांचा विचार सरळ होता. "स्थळ हातचं जाईल. परीक्षा काय, पळून जाती व्हय?"

त्रिशला चार दिवस रडली. सीताबाई रडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "माझी मराठी चौथीची परीक्षा ऱ्हायली ती ऱ्हायलीच. हळद लागली आणि पाटी माळ्यावर गेली." मला वाईट वाटलं. पण मी शिकवणीचा मास्तर, माझ्या वाईट वाटण्याला त्या घरात भाव नव्हता.

पाहुणे आले त्या दिवशी मलाही बोलावणं होतं. मुलीचं इंग्रजी खरं आहे याला साक्षीदार हवा होता. पुरुष माजघराबाहेर गादीवर, बायका आत, मी उंबऱ्याशी. मुलाच्या वडलांनी फर्मावलं, "बोल बघू इंग्रजी." त्रिशलानं बापाला बाजारात धाडलं, काल धाडलं, उद्याही धाडलं. मुलगा आला नव्हता; बाकीच्या पाहुण्यांनी एक अक्षर न कळता माना डोलावल्या.

तेवढ्यात माझं लक्ष आत गेलं. विहीणबाईंना पानसुपारी देता देता सीताबाईंनी त्यांचा हात धरला आणि वर आपला पदर टाकला.

गुळाचा सौदा कसा होतो ते इथं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, तोंडातून शब्द निघत नाही. पण बायकांचा सौदा मी आयुष्यात पाहिला नव्हता. विहीणबाईही संकेश्वरच्या अडत्याचीच लेक निघाल्या. आधी दचकल्या, मग त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग पदर हलू लागला. बराच वेळ हलला. दोघींचे चेहरे मात्र देवळात बसल्यासारखे.

बाहेर भूपालराव म्हणत होते, "मग माघातला मुहूर्त..."

"माघात न्हाय," आतून विहीणबाई म्हणाल्या. "तीन म्हैनं फुडं. वैशाखात."

"कोण म्हणतंय?" मुलाचे वडील.

"बोटं धरल्यात आमी. सौदा झालाय."

भूपालरावांनी बायकोकडं पाहिलं. ती तबकातलं पान सारखं करत होती. रुमालाखाली ठरलेलं मोडायचं नाही, नुकसान आलं तरी मोडायचं नाही, यावर त्यांची तीन पिढ्यांची अडत उभी होती.

"झालाय म्हटल्यावर झाला की," ते म्हणाले.

त्रिशला परीक्षेला बसली. वैशाखात लग्न होऊन संकेश्वरला गेली आणि तिकडंच तिला निकाल कळला. पास. मला इतका आनंद झाला की दम्याची उबळ आली.

दुसऱ्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. वर सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर सीताबाई पाटी घेऊन बसल्या होत्या. आता परक्या पुरुषासमोर ही बाई एकटी, म्हणजे राखणीला कुणीतरी हवंच. उंबऱ्याशी भूपालराव बसले होते. मांडीवर सूप होतं.

"बसा की, मास्तर," ते पडेल आवाजात म्हणाले.

मी म्हणालो, इंग्रजी मुळाक्षरांपासून सुरू करू. त्या म्हणाल्या, अक्षरं त्रिशलाकडून गिरवून झालीत, वाक्य घाला. मी म्हणालो, मग तुम्हीच एक सांगा. त्यांनी पदर सारखा केला आणि सावकाश उच्चारलं, "माय डॉटर आर मॅट्रिक पास."

"इज, सीताबाई. मुलगी एकच आहे. बापाला तुम्हीच एकेरी करायला लावलंत की."

"ते पेपरापुरतं. मॅट्रिक झालीया आता ती. आमच्या घराण्यात पैली. तिला एकेरी न्हाय बोलायचं."

मी मदतीसाठी भूपालरावांकडं पाहिलं. ते तांदळातला खडा शोधत होते.

"ऱ्हाऊ दे, मास्तर," मान वर न करता ते म्हणाले. "तसंच ऱ्हाऊ दे."