नवऱ्याच्या बदल्यात

माझ्या बायकोने मला देऊन टाकलं. रागाच्या भरात नाही की भांडण झालं म्हणून नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी, इडल्या वाफवायला ठेवून, फोनवर बोलता बोलता, अगदी शांतपणे. बदल्यात तिला काय मिळालं? दुसऱ्या फेरीतला एक पिक आणि गोलकीपरचे वापरलेले पॅड. पॅडना घामाचा असा काही वास येत होता की ते गॅरेजमध्ये ठेवावे लागले. लग्नाला वीसेक वर्षं झालेल्या नवऱ्याची बाजारात एवढीच किंमत असते, हे मला त्या दिवशी कळलं.

गोष्ट नीनाची आहे, माझी नाही. पण मला जे झोंबलं ते आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहतो. इथे हॉकी म्हटलं की बर्फावरची. पायात स्केट्स, आणि चेंडूऐवजी पक नावाची रबराची जाड चकती. गावातल्या रिंकवर आमच्यासारख्या पोट सुटलेल्यांचीही एक लीग आहे. बायका-पुरुष एकत्र, सहा संघ, रविवारी सकाळी मॅच. दरवर्षी नव्याने नाव घातलेले खेळाडू संघांमध्ये वाटून घ्यायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात. लहानपणी मैदानावर दोन कॅप्टन आळीपाळीने भिडू उचलायचे ना, तेच ते. भिडू उचलायची एकेक पाळी म्हणजे पिक. पहिला भिडू कोणी उचलायचा हे लॉटरीने ठरतं, आणि तळाला राहिलेल्या संघाच्या नावाच्या सोंगट्या लॉटरीत जास्त असतात, म्हणजे दुबळ्यांना जरा संधी. शिवाय कॅप्टन आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात, तो ट्रेड. टीव्हीवरच्या मोठ्या संघांमध्ये चालतं ते सगळं आमच्याकडेही चालतं. फरक इतकाच, की आमच्यातले निम्मे लोक मॅच संपल्यावर कंबर धरून गाडीत बसतात.

नीना नागपूरची. बर्फ म्हणजे उन्हाळ्यात सरबतात घालायची वस्तू, एवढीच तिची त्याच्याशी ओळख. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती माझ्या डिपेंडंट व्हिसावर इथे आली. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. बँकेत खातं, दवाखाना, लायब्ररी, जिथे जाईल तिथे आधी माझं नाव आणि मग तिचं. आमची अनया लहानपणी हॉकी खेळायला लागली तेव्हा नीना दोन स्वेटर घालून रिंकच्या गारठलेल्या बाकावर बसायची. पुढे अनयाने हॉकी सोडली. नीनाने मात्र सोडली नाही. एका सकाळी ती मोठ्या माणसांच्या शिकाऊ वर्गात जाऊन उभी राहिली आणि समोर प्लॅस्टिकची खुर्ची ढकलत, पडत, उठत, पुन्हा पडत स्केटिंग शिकली. मी तिच्या मागून आलो. लहानपणी चिंचवडला चाकांच्या स्केट्सवर हुंदडलेलो असल्याने मी लवकर गोल मारायला लागलो. ती कधीच फार गोल मारत नसे. पण लून्स नावाच्या आमच्या संघाने कॅप्टन निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे बोट केलं, माझ्याकडे नाही.

आता ती इन्शुरन्स कंपनीत नोकरी करते, ग्रीन कार्डही कधीच आलं. पण एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली होती, "या देशात मला तुझ्या नावाशिवाय मिळालेली ही पहिली गोष्ट आहे." ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

म्हणून डेनिस मॉरिसेटने बातमी सांगितली तेव्हा मी आधी तिच्याकडे बघितलं. मॉरिसेट आमची लीग चालवतो. तो म्हणाला, मुलांच्या सरावाला रिंक जास्त वेळ लागतेय, आपल्या वेळा कमी होणार. हा सीझन चालू आहे तसा संपवू. पुढच्या सीझनला जो संघ तळाला राहील तो बंद, त्याचे खेळाडू बाकीच्या पाचांत वाटून टाकू.

आम्ही तेव्हा तळालाच होतो. आणि वर यायचं काही चिन्ह नव्हतं.

पुढच्या रविवारी इडल्यांचा प्रकार घडला. फोन ठेवून नीना म्हणाली, "अतुल, मी तुला ब्रेंडनला ट्रेड केलंय."

ब्रेंडन म्हणजे गावातल्या अग्निशमन दलातला धिप्पाड माणूस, हॅचेट्स या सगळ्यात तगड्या संघाचा कॅप्टन.

"मस्करी करतेस?"

"नाही. आत्ताच फायनल केलं."

"अगं, मी टॉप स्कोअरर आहे आपला!"

"म्हणूनच. तुझी किंमत यंदाच आहे. पुढच्या वर्षी तुझा गुडघा बोलायला लागला की कोण घेईल तुला? मला पूर्ण टीम रिबिल्ड करायची आहे. त्याला पिक्स लागतात."

"आणि ते पॅड कशाला?"

"लागतील," ती म्हणाली आणि तिने इडलीपात्राचं झाकण उघडलं.

मी अनयाला फोन केला, निदान ती तरी माझी बाजू घेईल म्हणून. "मॉम ट्रेडेड यू? दॅट्स सो कोल्ड, बाबा," ती म्हणाली आणि पोट धरून हसत राहिली.

तेव्हापासून आमची रविवारची वरात मोठी बघण्यासारखी असायची. एकाच गाडीत दोन बॅगा, चार हॉकी स्टिक्स, नवरा-बायको शेजारी. रिंकवर पोचलो की ती डावीकडच्या लॉकर रूममध्ये, मी उजवीकडच्या. मी गेल्यावर लून्स आणखीच हरले. नीनाने आणखी दोन जुने, चांगले खेळाडू देऊन टाकले आणि त्यांच्याऐवजी कोवळी, धडपडणारी पोरं आणली. महाराष्ट्र मंडळात लोक मला विचारत, "काय रे, वहिनींचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी त्यांच्यावर डाफरायचो. तिला नावं ठेवायचा हक्क माझा होता, त्यांचा नाही.

सप्टेंबरात लॉटरी झाली. सोंगट्या फिरवायला पिंजरा हवा म्हणून नीनाने महाराष्ट्र मंडळाचा तंबोल्याचा सेट आणला होता. गणपतीत ज्यात हाउजीचे आकडे फिरतात त्याच पिंजऱ्यात लून्सचं भवितव्य गरगरत होतं. तळाला राहिल्याने सगळ्यात जास्त सोंगट्या तिच्या होत्या, आणि चॅम्पियन ठरलेल्या हॅचेट्सची एकच. त्या वर्षी देवांग नावाच्या मुलाने नाव घातलं होतं. कॉलेजच्या संघातून खेळलेला, वाऱ्यासारखा पळणारा. पहिला पिक मिळेल त्याला देवांग मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नीनाने वर्षभर हार खाल्ली ती याच दिवसासाठी.

मॉरिसेटने पिंजरा फिरवला. पहिली सोंगटी पडली ती हॅचेट्सची.

म्हणजे माझ्या संघाची. ब्रेंडनने आनंदाने माझ्या पाठीत थाप घातली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर एकेक सोंगटी पडत गेली आणि नीनाचा नंबर लागला तो अगदी शेवटी. तिने पिंजरा पुसला, सगळ्या सोंगट्या मोजून पिशवीत भरल्या, कारण सेट मंडळाचा होता आणि एकही हरवून चालणार नव्हती. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं, पण मी समोरच्या टेबलावरचा माणूस होतो.

पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीत ब्रेंडनची पाळी आली, म्हणजे माझ्या बदल्यात दिलेला पिक. नीना उठली आणि म्हणाली, "शैलजा. गोलकीपर."

कोणालाच नाव ओळखीचं नव्हतं. मॉरिसेटने विचारलं, आधी कुठे खेळलीय? नीना म्हणाली, कुठेच नाही, तिला अजून स्केटिंग येत नाही. खोलीत हशा पिकला. ब्रेंडन तर डोळे पुसत होता.

मी हसलो नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता.

शैलजाताई म्हणजे आमच्याच गावातल्या, फार्मसीत काम करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला फटकळ. तरुणपणी विद्यापीठाच्या संघात विकेटकीपर होत्या. मला ट्रेड करण्याच्या आदल्या उन्हाळ्यात मंडळाच्या पिकनिकला टेनिस बॉलचं क्रिकेट झालं तेव्हा त्या ग्लव्हज न घालता थेट स्टंपला चिकटून उभ्या राहिल्या होत्या. मी पुढे येऊन फटका मारायला गेलो, चेंडू चुकला, आणि मी मागे वळेपर्यंत बेल्स उडालेल्या. मी चडफडत परत गेलो आणि ते सगळं विसरूनही गेलो. नीना सतरंजीवर बसून कणसं खात होती. ती विसरली नव्हती. मला देऊन टाकताना तिने पॅड का मागितले, ते मला आत्ता कळलं. दोन्ही गोष्टी तिने एकाच माणसासाठी मागितल्या होत्या.

घरी येताना मी म्हटलं, "अगं, पण त्यांना उभंसुद्धा राहता येणार नाही बर्फावर."

"उभं राहायला मी शिकवीन. चेंडू शेवटपर्यंत बघायला कोण शिकवणार? तो डोळा त्यांच्याकडे आहे."

मग सुरू झाला सराव. नीनाने जुनीच युक्ती केली. शैलजाताईंच्या पुढे प्लॅस्टिकची खुर्ची. "हे काय वय आहे का गं माझं?" असं ओरडत त्या रिंकभर फिरायच्या. गोलपुढे कसं सरकायचं, गुडघे कसे टेकायचे, हे नीना स्वतः आधी करून दाखवायची आणि स्वतःच आधी आपटायची. उरलेला सराव आमच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. तिथे टेनिस बॉल मारणार कोण? मी! हॅचेट्सचा खेळाडू, लून्सच्या गोलकीपरला सराव देतोय. ब्रेंडनला कळलं असतं तर त्याने मला बंबाखाली घातलं असतं. मी मनापासून मारायचो, डाव्या कोपऱ्यात वर, माझा हुकमी फटका. आधी सगळे आत जायचे. मग हळूहळू निम्मे जायला लागले. मग शैलजाताई म्हणायला लागल्या, "अतुल, दुसरं काही येतं का रे तुला?"

सीझनची सुरुवात वाईट झाली. शैलजाताईंनी पहिल्या मॅचला इतके गोल खाल्ले की मला बघवेना. नीनाने त्यांना एकदाही बदललं नाही. कोवळी पोरं मात्र दर रविवारी थोडी थोडी सुधारत होती, कारण चुकल्यावर त्यांच्यावर कोणी ओरडत नव्हतं. नीना बाकावर सरकून जागा करायची, पाठीवर हात ठेवायची आणि पुढच्या पाळीला पुन्हा त्यालाच पाठवायची. असला धीर माझ्यात नाही. मी कॅप्टन असतो तर पहिल्या महिन्यात निम्मा संघ पळाला असता. नाताळनंतर लून्स एक मॅच जिंकले, मग आणखी एक. शेवटचा रविवार उजाडला तेव्हा हिशेब सरळ होता. लून्स जिंकले तर तळातून वर, नाहीतर संघ बंद. आणि समोर कोण, तर आम्ही.

हॅचेट्सचं काही अडलेलं नव्हतं, आमचा पहिला नंबर पक्का होता. रिंकच्या दारात नीना थांबली. म्हणाली, "अतुल, नीट खेळ." इतकंच. तिला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं.

मॅच अटीतटीची झाली. शेवटचं मिनिट आलं तेव्हा लून्स एका गोलने पुढे होते. देवांगने दोघांना चुकवून पक माझ्याकडे सरकवला आणि मी मान वर केली तर माझ्यापुढे कोणी नाही. फक्त शैलजाताई, त्याच वास मारणाऱ्या पॅडमध्ये.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मनात आलं. पक थोडा बाहेर गेला तर कोणाला कळणार आहे? पण दुसऱ्याच क्षणी भांडी घासताना म्हटलेलं ते वाक्य आठवलं. मी संघ तिच्या पदरात टाकला असता तर तो पुन्हा माझ्याच नावाने मिळालेला झाला असता. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं आणि डाव्या कोपऱ्यात वर मारला. आयुष्यात इतका चांगला फटका मी मारला नव्हता.

फाट्कन आवाज आला. पक शैलजाताईंच्या हातमोज्यात होता. आणि त्या बाईने, इतक्या वर्षांच्या सवयीने, हात आभाळाकडे नेला आणि रेफरीकडे वळून अख्खी रिंक दणाणेल अशी आरोळी ठोकली, "हाउज दॅऽऽट!"

रेफरी शिटी तोंडात धरून बघतच राहिला. ब्रेंडनने मला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"मी आउट झालोय," मी म्हटलं.

मॅच संपल्यावर दोन्ही संघ रांगेने समोरासमोर येऊन हात मिळवतात, अशी इथली रीत आहे. लून्सची पोरं रडत, हसत, एकमेकांवर पडत येत होती. शेवटी कॅप्टन. नीना माझ्यासमोर आली, माझा हात धरला आणि सोडेना. मागची रांग खोळंबली.

"अतुल, खरं मारलास ना?" तिने विचारलं. "खरं सांग."

मी तोंड उघडायच्या आत शैलजाताई मध्ये घुसल्या. "खरं मारलास काय विचारतेस? हे बघ!" त्यांनी हातमोजा ओढून काढला. तळहात लालभडक झाला होता आणि मधोमध पकच्या कडेचा वळ उठला होता.

नीनाने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्या वळावरून अंगठा फिरवला, आणि मग तिथेच, बर्फाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत ती हमसून हमसून रडली. मला तिचा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता. मी तिथेच तिच्याजवळ उभा राहिलो, विरुद्ध संघाची जर्सी घालून.