एक दिवस आधी

पहाटेचे पाच बावन्न. गेरलिंड वाक्समुट अंड्यांना टोचत होत्या. प्रत्येक अंड्याच्या जाड टोकाला सुईचं एक बारीक भोक, म्हणजे उकळताना कवच तडकत नाही. पाहुणे अकरा, अंडी नऊ. चार नंबरच्या खोलीतलं जोडपं अंडं खात नाही. बेकरीवाला पावांची पिशवी दाराच्या मुठीला अडकवून गेला होता.

जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या या छोट्या अतिथीगृहात एकोणीस वर्षं नाश्ता त्याच मांडतात. स्वयंपाकघराची किल्ली एकच आहे आणि ती त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात असते. दुसरी मालक डेटमर यांनी सहा वर्षांपूर्वी मासे पकडताना नदीत पाडली. नवी करून घ्यायची राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी गेरलिंडबाई साठ वर्षांच्या होणार होत्या. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. इथे तसंच असतं. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, आणि शुभेच्छा त्या दिवशीच द्यायच्या. आदल्या दिवशी दिल्या तर तो दिवस बघायला मिळत नाही, असं लोक मानतात. आपण असलं काही मानत नाही असं सांगणारेसुद्धा देत नाहीत.

"केक कुठले करणार, तेवढं तरी सांग," रोझविटा म्हणाली. ती खोल्या आवरते. दोघी शाळेत एकाच वर्गातल्या.

"एक आलुबुखारचा, एक खसखशीचा."

"दोनच? तो दोन नंबरवाला एकटा एक संपवेल."

"मग त्याची खोली जरा सावकाश झाड. तो बाहेर ताटकळेल, तेवढ्यात आपण कापून घेऊ."

पावणेदहाला नाश्त्याच्या खोलीत हिमेना आली. चिलीहून आलेली, पंचविशीतली, आठवडाभर इथे राहिलेली. तिची गाडी अकरा वीसची होती. उद्या केक आहे आणि तुमचा तो हुकणार, हे डेटमर यांनी तिला बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. ती बाजारात जाऊन डेलियाची फुलं घेऊन आली. मोजून सात, कारण सम आकड्यात फुलं देत नाहीत हे तिने वाचलं होतं. देण्याआधी वरचा कागद काढायचा, हेही वाचलं होतं. कागद काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "फ्राऊ वाक्समुट, उद्याच्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! मी आज निघतेय ना, म्हणून आजच!"

रोझविटाच्या हातातला कपांचा ट्रे जागच्या जागी थांबला. डेटमर पाहुण्यांच्या वहीत बघू लागले. दोन नंबरवाल्याने अपशकुन टळावा म्हणून टेबलाखालून लाकडावर तीनदा टकटक केलं.

गेरलिंडबाईंनी फुलं घेतली. "छान आहेत. स्टेशनला आठ मिनिटं लागतात, चढ आहे. लवकर निघा."

आभार त्यांनी मानले नाहीत. हिमेनाच्या ते लक्षात आलं. बाहेर तिने रोझविटाला गाठलं. "माझं काही चुकलं का? फुलं मोजून आणली मी."

"फुलं बरोबर आहेत, पोरी. दिवस चुकला."

ती निघाली तेव्हा गेरलिंडबाई दारात आल्या नाहीत. जाणाऱ्याला निरोप द्यायला त्या गेल्या बारा वर्षांत कधीच दारात आलेल्या नाहीत.

त्यांचे पती ऑर्टविन लाकडाचा ट्रक डेन्मार्कला न्यायचे. बारा वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका संध्याकाळी निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांची पन्नाशी होती आणि ते रस्त्यावर असणार होते. गेरलिंडबाईंनी दारातच शुभेच्छा दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा, एक दिवस आधी. ऑर्टविन हसले. "अगं, मारतेस की काय मला?" म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. महामार्गाकडेच्या वाहनतळावर ते ट्रकमध्ये सापडले. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी वेळ लिहिली: रात्री दहा ते अकराच्या दरम्यान.

थडगं घडवणाऱ्याने दोनदा फोन केला होता. चार मार्चला जन्म, तीन मार्चला मृत्यू. तारखांची अदलाबदल तर नाही ना झाली? नाही म्हणाल्या त्या, तसंच कोरा. दारातली गोष्ट त्यांनी फक्त रोझविटाला सांगितली. त्यामुळे ती गावभर माहीत आहे.

त्या दिवशी काम आटोपायला दोन वाजले. जिन्यावरून उतरताना गेरलिंडबाईंनी कठडा धरला. एरवी धरत नाहीत.

"सायकल इथेच ठेव आज," रोझविटा म्हणाली. "चालत जा."

"का?"

"ब्रेक करकरतात तुझे."

"ते एप्रिलपासून करकरताहेत."

"मग काय, ऑक्टोबर उजाडला. ठेव म्हणते ना!"

सायकल राहिली. गेरलिंडबाई कोट घालत होत्या, तेवढ्यात डेटमर आले. चाळिशीचा माणूस, वडिलांकडून हे अतिथीगृह आणि गेरलिंडबाई दोन्ही एकदमच मिळालेला. घसा खाकरून म्हणाले, "फ्राऊ वाक्समुट, ती किल्ली... आज माझ्याकडे ठेवू या का? कुलूपवाल्याकडून अजून एक करून घेईन म्हणतो."

"सहा वर्षांत सुचलं नाही तुम्हाला."

"हो ना. आज सुचलं."

"आज बुधवार आहे. त्याचं दुकान दुपारी बंद असतं."

"अरे हो," डेटमर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. "असू दे मग. राहिलं."

दफनभूमी वाटेवरच आहे. सात डेलिया घरी न्याव्यात असं गेरलिंडबाईंना वाटेना. त्यांनी ऑर्टविनच्या दगडासमोरच्या भांड्यात फुलं खोचली, एक मोडकी पाकळी काढून टाकली. फिरायला आलेले दोघे परके प्रवासी शेजारून गेले. त्यांतला एक तारखांकडे बोट दाखवून दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. असं पूर्वीही झालं आहे. तो दगड वाचणारा माणूस एकदा तरी मागे वळून बघतोच.

पुढच्या गल्लीत डेटमर यांचं घर. फाटकाला पत्रपेटी. गेरलिंडबाई तिथे थांबल्या. अकरा पाहुण्यांतली एक गेली, उरले दहा. उद्या साडेसहाला ते खाली येतील आणि आपण नसू, स्वयंपाकघराला कुलूप असेल, तर? त्यांनी खिशातून किल्ली काढली. पेटीची पत्र्याची पापणी उचलली. किल्ली अर्धी आत गेली. एवढं सोडलं की झालं, सगळ्यांची सोय.

"मारताय की काय मला?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

बोलायचं होतं डेटमरांना उद्देशून. पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ते कोणाचं आहे हे त्यांना ऐकू आलं. त्याच चालीत, शेवटचा शब्द तसाच हसत वर चढलेला. फाटकामागे कोणी नव्हतं. गल्लीतही नव्हतं. पापणी खाडकन खाली पडली तेव्हा किल्ली त्यांच्या मुठीत होती आणि तिचे दात बोटात रुतले होते.

घरी चारला आलुबुखारचा केक भट्टीत गेला, पाचला खसखशीचा. साडेपाचला बहिणीचा, हानेलोरेचा, ब्रेमेनहून फोन आला. हवा, गुडघा, नातवाचे दात, सगळं बोलून झालं. उद्याचं काही नाही.

"बरं. उद्या करते मी फोन," हानेलोरे शेवटी म्हणाली.

"कर."

हानेलोरेने फोन ठेवला नाही. सकाळच्या शुभेच्छांचं रोझविटाने कळवलं होतं, हे उघडच होतं.

"गेरलिंड, उचलशील ना?"

"नाश्त्यानंतर कर. आधी माझे हात ओले असतात."

केक निवायला खिडकीत ठेवले. कोट दाराजवळच्या खुंटीला टांगला, किल्ली डाव्या खिशात. गजर नेहमीचाच, चार पन्नासचा.

उद्या गुरुवार. नाश्ता साडेसहाला. पाहुणे दहा, अंडी आठ.