भिंतीवरचे जोर

गेलं वर्षभर मी एका मेलेल्या माणसावर जळतोय.

प्रदीप. आमचा पद्या. करी रोडच्या चाळीत शेजारची खोली, शाळेत शेजारचा बाक. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी आम्ही दोघांनी एकाच दिवशी मंडळाच्या व्यायामशाळेत नाव घातलं. दंड काडीसारखे, पोटं मात्र भरलेली.

तिथला नियम जुना. नवीन माणसाने महिनाभर भिंतीला हात टेकून जोर मारायचे. मग बाकड्यावर. मग जमिनीवर.

शिकवणारे तात्या म्हणाले, "आधी भिंतीक हात लावा. जमीन खंय पळान जाणा नाय."

पद्या गुपचूप भिंतीला लागला.

मला लाज वाटली. कॉलेजची पोरं बघत होती ना! मी डायरेक्ट जमिनीवर.

चौथ्या दिवशी खांदा धरला. डॉक्टरने दोन महिने रेस्ट सांगितली.

परत आलो तेव्हा पद्या जमिनीवर सलग बारा मारत होता.

बारा!

गोकुळाष्टमीला त्याला हंडीच्या खालच्या थरात घेतलं. मला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला.

सगळी चाळ त्याचे खांदे बघत होती. माझी बायकोसुद्धा.

मनात म्हटलं, कोसळू दे थर.

हो, म्हटलं. आज खोटं नाही लिहिणार.

थर कोसळला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी व्यायामशाळा बंद केली. संध्याकाळी पद्या दारात.

"चल रे. मी पण परत भिंतीपासून सुरू करतो, तुझ्याबरोबर."

"तू हीरो झालास बाबा. तूच जा."

तो जिना उतरून गेला. नंतर दिसला की मीच मोबाईलमध्ये डोकं घालायचो.

मग पद्याला डेंग्यू झाला. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

आज सकाळी, वर्ष उलटून गेल्यावर, व्यायामशाळेत गेलो. भिंतीच्या ऑइल पेंटवर पद्याच्या तळव्यांचे दोन काळपट डाग तसेच आहेत. मध्ये रंगकाम झालं, पण तेवढा भाग तात्यांनी रंगवू दिला नाही.

तिथेही जळलोच. माझा डाग कुठेच नाही.

मग त्याच डागांवर हात टेकले.

सहा झाले. सातवा अर्धाच राहिला. पोरं बघत होती.

बघू देत.

पद्या, तू दारात आला होतास, तेव्हाच यायला हवं होतं.

आलो रे. भिंतीपासून सुरू केलंय.

तू आता आराम कर, मित्रा.