तिसऱ्या प्रकरणातली आई

सिल्वासाच्या टोकरखाड्यात राहणाऱ्या मृणालताई शाळेत मराठी शिकवायच्या, आणि पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी. करायचं खूळ त्यांनी डोक्यात घेतलं होतं. विषय होता कादंबऱ्यांतल्या आया, मनोविश्लेषणाच्या नजरेतून. तिसरं प्रकरण त्यांचं लाडकं. त्यात लेकराला गिळून बसणाऱ्या आया होत्या, मूल घराबाहेर निघालं की नेमक्या आजारी पडणाऱ्या. 'ही आई दुखण्याचं हत्यार करते आणि तिला ते कळतही नाही,' हे वाक्य लिहून त्या दिवसभर स्वतःवर खूश होत्या.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, प्राजक्ताला, नाशकात नोकरी लागली.

"जा की. मी काय अडवणारी आई आहे?" म्हणत मृणालताईंनी शाळेत पेढे वाटले. संध्याकाळी त्यांची कंबर धरली. निघायची तारीख जवळ आली तशी कंबरेच्या जोडीला चक्कर आली. डॉक्टरांना काही सापडेना. नवरा, केदारराव, मुकाट्याने बाम चोळत राहिले.

प्राजक्ता बॅग भरता भरता म्हणाली, "आई, तू तिसऱ्या प्रकरणात शिरलीयस."

"काहीतरीच. त्या कादंबरीतल्या बाईला नवरा नव्हता. मला आहे."

"मला यात ओढू नकोस," केदारराव म्हणाले.

मृणालताईंना राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग. त्यांनी गुपचूप ते वाक्य मवाळ केलं: 'ही आई कदाचित नुसती दमलेलीही असेल.' मार्गदर्शक बाईंनी समासात विचारलं, 'हे अचानक कुठून आलं?' कुठून आलं ते मृणालताईंना पक्कं ठाऊक होतं, पण ते संदर्भसूचीत बसणारं नव्हतं. त्यांनी जुनं वाक्य परत घातलं.

आणि कंबरेला पट्टा बांधून लेकीला पोचवायला गेल्या. तिच्या भाड्याच्या खोलीत डबे लावले, पडदा टांगला, घरमालकिणीची उलटतपासणी घेतली. 'राहू का आठवडाभर?' अगदी ओठांवर आलं होतं. प्राजक्ता त्यांच्याकडेच बघत होती.

"निघते," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुझं लग्न होईपर्यंत इथेच मुक्काम ठोकीन."

परतीच्या बसमध्ये आपण रडणार याची त्यांना खात्री होती. पण पेठच्या आधीच डोळा लागला, तो कपराड्याच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं तेव्हा उघडला. उतरून त्यांनी चहा घेतला, गरम भजी खाल्ली, आणि रडू येत नाही याचा त्यांना जरा अपमानच वाटला.

घरी केदाररावांनी विचारलं, "फार रडलीस?"

"थोडंसं," त्या म्हणाल्या.