कार्पिंगची फळी आणि फादरांचं पाणी

आमच्या आन्तिपोलोच्या या चढावर कार्पिंगला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याला एकदा तरी शिव्या घातल्या नाहीत असाही नाही. पहाटे पाचला तो रबरी भोंगा दाबत येतो. पॉत-पॉत! पॉत-पॉत! तेवीस वर्षं झाली, मी घड्याळ म्हणून विकतच घेतलं नाही. माझा नवरा होता तेव्हा गादीतूनच ओरडायचा, "एक दिवस तो भोंगा मी त्याच्या..." जाऊ दे. गेलेल्या माणसाचं बोलणं अर्धवट राहिलेलंच बरं.

कार्पिंग पांदेसाल विकतो. वरून चुरा लावलेले, हातात धरवणार नाहीत असे गरम छोटे पाव. चढाच्या पार टोकाला बेनिल्दाची बेकरी. तिथून पेटी भरायची, सायकलला मागे बांधायची, घरोघर विकत खाली जीपनीच्या, म्हणजे आमच्या प्रवासी जीपच्या, थांब्यापर्यंत यायचं, परत चढ चढून वर जायचं, दुसरी पेटी भरायची, परत खाली. पोरं शाळेला निघायच्या आत सगळं संपलं पाहिजे. उतरताना राजा, चढताना गाढव. तो उतरताना मला हात करायचा, चढताना ओळखसुद्धा दाखवायचा नाही. तोंडातून नुसती वाफ.

मग गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, चढावर सायकल बंद. पण हा ऐकतोय कसला! सायकल ढकलत, थांबत, शेजारणींशी गप्पा मारल्याचं नाटक करत वर जायचा. दुसरी पेटी घरोघर पोचेपर्यंत पोरं कालचा भात खाऊन शाळेत पोचलेली असायची.

बेनिल्दा वाईट बाई नाही, पण बेकरीवाली आहे. तिने सरळ सांगितलं, "कार्पिंग, फिएस्टाची जत्रा होईपर्यंत थांबते. त्यानंतरच्या सोमवारी सातच्या आत दोन्ही पेट्या रिकाम्या दिसल्या नाहीत, तर हा रस्ता नोएलला. त्याच्याकडे मोटरसायकल आहे."

हा रस्ता म्हणजे कार्पिंगचा सगळा जन्म होता हो. कोणाच्या घरी किती पाव, कोणाचा कुत्रा चावतो, कोणती म्हातारी दार उघडायला वेळ लावते, सगळं त्याला पाठ. दुसरं काही त्याला येतही नव्हतं. मला तो थोरल्या बहिणीसारखं आते म्हणतो. त्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आते, मी गाडी बनवतोय."

"कसली?"

"विजेची. उभं राहून चालवायची."

"बसून चालवायच्या गाडीवरून तू पडतोस. उभं राहून काय करशील?"

"पडलो तर कमी उंचीवरून पडेन."



झालं असं होतं की त्याची मुलगी जोवेलिन कतारला कामाला गेली, आणि तिची ती चाकांची लांब फळी, स्केटबोर्ड, भिंतीला लटकत राहिली. ती इथे होती तेव्हा हाच तिच्यावर खेकसायचा. "मुलीच्या जातीने डोंगरावरून फळीवर उभं राहून सुटायचं? दात कोण देणार?" आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी, माझ्यापेक्षा इंचभरच कमी पोट घेऊन, हा फोनवर बघत बसायचा: 'कमी पैशात घरच्या घरी विजेची फळी, नवशिक्यांसाठी.' तो व्हिडिओतला पोरगा वीस मिनिटांत सगळं जोडून मोकळा. आमच्या साहेबांना अडीच महिने लागले.

त्याची बायको दिवसभर बाजारात, म्हणून सगळी पार्सलं माझ्या दुकानात यायची. पहिल्या पार्सलात चाकं, त्यातल्या दोन चाकांच्या पोटातच मोटर. दुसऱ्यात कंट्रोलर नावाची, मोटरला हुकूम सोडणारी एक चपटी डबी. बॅटरी त्याने कोणाच्या तरी मोडक्या स्कूटरमधून काढून आणली. प्रत्येक पार्सल उघडताना चेहरा असा, की घरी बाळच आलंय.

सोल्डरिंग करून आला की हात काळेकुट्ट. त्या हातांनी माझ्या बरण्या उघडायचा.

"हात धू आधी!"

"आते, वेड लागलंय का? हात तापलेत. तापलेल्या हातांना पाणी लावलं तर शिरा आखडतील. जन्मभर थरथरतील."

"मग त्या बिस्किटांना हात लावू नकोस."

"बिस्किटं कुठे तापलीयत?"

हे पाण्याचं बोलणं लक्षात ठेवा. मी तर जन्मात विसरणार नाही.

पहिली चाचणी बास्केटबॉलच्या कोर्टावर. अर्धी गल्ली जमली. साहेब उजवीकडे झुकले, फळी डावीकडे गेली. परत उजवीकडे झुकले, फळी आणखी डावीकडे, आणि तिथे मी कांद्याची टोपली घेऊन उभी. कांदे कोर्टभर. चाकांचा दांडा उलटा बसवलेला होता! जोवेलिन फोनवर हसून हसून खाली बसली. "ताताय, ज्या दिवशी मी शिकले त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

"मी काही म्हणालो नव्हतो," बाप म्हणाला. कपाळावर कांद्याची साल चिकटलेली.

दांडा सुलटा झाला. बॅटरी आणि कंट्रोलर ठेवायला त्याने माझ्याकडूनच आइसक्रीमचा रिकामा डबा नेला, जांभळा, मोठा. आमच्याकडे असल्या डब्यात आइसक्रीम कधीच सापडत नाही, नेहमी सुकी मासळी. त्यामुळे बॅटरीलाही तोच वास. जोवेलिनने बजावलं, "ताताय, झाकणाच्या कडेने सिलिकॉन भरा. आत पाण्याचा थेंब जाता कामा नये."

"भरतो ना. पण आधी आशीर्वाद होऊ दे."

कारण नवीन गाडी आशीर्वादाशिवाय रस्त्यावर? आमच्या गावात? अहो, लांबलांबचे लोक कोऱ्या गाड्या घेऊन इथे पाणी शिंपडून घ्यायला येतात. गाडी उभी करायची, दारं उघडायची, डिकी उघडायची, बॉनेट उघडायचं. इंजिनाला पाणी लागलं नाही तर आशीर्वाद वरच्या वर वाळून जातो, असं आम्ही सगळेच मानतो.

फिएस्टाचा रविवार. आमच्या वाडीच्या छोट्या चॅपेलसमोर रांग लागलेली. पुढे एक नवी व्हॅन, मग एक ट्रायसिकल रिक्षा, मग इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आपला कार्पिंग, पायाशी फळी. फळीला फुलांची माळ घातलेली. फादर आन्सेल्मो पाण्याची बादली आणि शिंपडायचा दांडा घेऊन आले आणि थांबले.

"कार्पिंग, हे काय आहे बाबा?"

"वाहन, फादर."

"बरं. बॉनेट कुठाय याचं?"

कार्पिंगने वाकून मोठ्या मानाने जांभळ्या डब्याचं झाकण काढलं. आतल्या तारा, दिवे, सगळं लुकलुकत होतं. गाडीवाले इंजिन चालू ठेवतात, म्हणून यानेही चालू ठेवलेलं. फादरांनी नाक जरा मुरडलं, मासळीमुळे, आणि दोन थेंब शिंपडले. कार्पिंगचा चेहरा पडला. व्हॅनवाल्याला बादलीभर मिळालं होतं.

आता खरं सांगते, लपवून काय उपयोग. "फादर, गरिबाला कमी का?" असं जे कोणी मागून ओरडलं, ती मीच.

फादरांनी दांडा पूर्ण बुडवला आणि असा फटकारला की माझ्याही चष्म्यावर पाणी.

फट्!

डब्यातून धुराची बारीक शेंडी निघाली. फादरांचा हात हवेतच राहिला. मी म्हणाले, "आमेन."

कार्पिंगने झडप घालून बॅटरीची पिन उपटली, तेवढं मुलीने शिकवलेलं होतं. मग झाकण छातीशी धरून चॅपेलच्या पायरीवर बसला. ज्या माणसाने स्वतःच्या तापलेल्या हातांना अडीच महिने पाणी लागू दिलं नाही, त्याने तापलेलं यंत्र उघडून फादरांपुढे धरलं! हे मी त्याला तिथेच ऐकवणार होते. पण त्याने मान वर केली आणि म्हणाला, "आते, उद्या सोमवार आहे." मी गप्प बसले म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते बघा.

कंट्रोलर दुपारभर माझ्या तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला, फोन भिजला की ठेवतात तसा. तो काही जिवंत झाला नाही. तांदळाला मात्र जळका वास लागला. तो तांदूळ मी नोएलच्या आईला विकला.

दिवेलागणीला माझ्या दुकानातूनच जोवेलिनला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम शहाण्यासारखी विचारायला लागली. "बॅटरी बाहेर काढली? घरात ठेवू नका. आता कंट्रोलर परत जोडा, नुसताच, आणि चाक हाताने फिरवून बघा."

त्याने फिरवलं. चाक फिरलं, पण कसं? घट्ट गुळाच्या पाकात पळी फिरावी तसं. सोडलं की जागच्या जागी थांबलं.

"कंट्रोलर आतून जळून चिकटलाय, ताताय. तारा आत एकमेकींना भिडल्या की मोटर उलटी अडवते. म्हणजे आता तो कायमचा ब्रेक. नवीन मागवा, आठवड्याने येईल."

"आठवड्याने नोएल येईल," कार्पिंग म्हणाला. फोन ठेवला. बराच वेळ चाकाशी चाळा करत बसला. मग उतरणीकडे बघितलं.

"आते, जीपनीत सायकल घेत नाहीत ना?"

"नाही."

"फळी?"

"अरे, कोंबड्या घेतात, टपावर डुक्कर घेतात. तुला घेतातच की!"

सोमवारी पहाटे पाचला अख्खी गल्ली दारात. वर बेकरीसमोर नोएल मोटरसायकल सुरू ठेवून बसलेला, मनगटावर हे एवढं घड्याळ. आणि उतारावरून आमचे साहेब निघाले. पाठीवर पावाची पेटी, एका हातात भोंगा, दुसरा हात हवेत. तुम्हाला वाटलं असेल सुसाट सुटला. कसलं काय! आमच्या या छाती दडपणाऱ्या उतारावर फळी अशी चालली, जशी वधू चॅपेलात चालते. एक कुत्रा भुंकत मागे लागला, थोडा वेळ बरोबर चालला, आणि कंटाळून निघून गेला.

पण गंमत ऐका. सायकलवर होता तेव्हा बायका चप्पल शोधून बाहेर येईपर्यंत हा पुढच्या वळणावर. आता सगळ्यांना वेळच वेळ! दार उघडायला वेळ लावणारी म्हातारीसुद्धा आरामात आली, पाव दाबून बघितले, बदलून घेतले, तरी हा तिच्या फाटकापासून जेमतेम चार हात पुढे. कोणाच्याही दाराशी थांबायला ब्रेक नको, परत सुटायला पाय नको, गुडघा नको. खाली थांब्यावर पेटी रिकामी. फळी काखेत मारली, पहिली जीपनी पकडली, ड्रायव्हरला चार पाव दिले, वर. दुसरी पेटी. परत वधू.

सात वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा तो दुसऱ्यांदा जीपनीतून उतरला आणि रिकामी पेटी बेनिल्दाच्या पुढ्यात उपडी करून आपटली. चुरा सांडला नुसता.

बेनिल्दाने पेटीत डोकावून बघितलं. मग फळीकडे. "मोटर चालते?"

"नाही."

"मग चाललं कसं?"

"आशीर्वादाने," कार्पिंग म्हणाला.

ती नोएलकडे वळली आणि म्हणाली, "बंद कर ती मोटरसायकल, पावाला पेट्रोलचा वास लागतोय." आणि कार्पिंगला, "उद्या पाचला. उशीर नको."

नवीन कंट्रोलरचं पार्सल आलं. आठ महिने झाले, माझ्या गल्ल्याखाली न उघडता पडलंय. मी विचारलं की म्हणतो, "राहू दे आते, अजून गरज लागली नाही." बॅटरीच्या जागी जांभळ्या डब्यात आता नारळाच्या जॅमची बाटली असते, पावाबरोबर तीही खपते. जोवेलिन सुट्टीला येणार आहे, आणि येऊन फळी परत मागणार आहे म्हणे. तो भांडणाचा दिवस मी बाकड्यावर बसून बघणार आहे. फादर भेटले की लाजून विचारतात, "कार्पिंग, पुन्हा एकदा शिंपडू का?" आणि हा फळी पाठीमागे लपवतो.

एकच तक्रार आहे माझी. पूर्वी तो भोंगा दोनदा वाजून पुढे निघून जायचा. आता पहाटे पाचला तो माझ्या खिडकीखालून वधूच्या चालीने जातो, आणि जाईपर्यंत वाजवतच असतो. पॉत-पॉत! पॉत-पॉत! पॉत-पॉत! मी गादीत उठून बसते, आणि नवऱ्याचं ते अर्धवट वाक्य रोज मोठ्याने पूर्ण करते.