एक मेचा तुरा

हॅमिल्टनला आमच्या शेजारी एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ राहायचे. फ्रान्समधल्या पोलाद कारखान्यातल्या युनियनचे जुने पुढारी. शेकहॅन्ड केल्याशिवाय बोलायचे नाहीत, आणि मला कायम "कॉम्रेड" म्हणायचे. त्यांच्या देशात एक मेला, कामगार दिनी, माणसं एकमेकांना पांढऱ्या फुलांचे तुरे देतात. इथे थंडीमुळे तेव्हा बागेत काहीच फुललेलं नसतं, म्हणून ते बेसमेंटमध्ये दिव्याखाली कुंडी ठेवायचे. एक तुरा मला मिळायचा, एक त्यांच्याच खिडकीत ग्लासात असायचा.

"तो कोणासाठी?" मी एकदा विचारलं.

"आमची युनियन फोडून गेला, त्या मित्रासाठी. वर्षभर भांडायचो आम्ही. पण एक मे दोघांचा होता, कॉम्रेड."

यंदा ते नाहीत. कुंडी माझ्या बेसमेंटमध्ये आहे. आज माझ्या खिडकीतल्या ग्लासात मी दोन तुरे ठेवले.