वैऱ्याचं नाव मोठ्यानं

माझी बायको पेर्ला द्वेषावर पोट भरते, असं मी चारचौघांत म्हणतो आणि घरी येऊन बोलणी खातो. आधी ती इथंच, मेलबर्नच्या कॉलफील्डमध्ये, घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं करणारी साधी वकील होती. मग एका शाळेत आमच्या ज्यू समाजातल्या एका मुलीला वर्गातली पोरं, ज्यूंना मारलं त्या गॅसच्या भट्टीवरून चिडवायला लागली. हेडमास्तर म्हणाले, "पोरखेळ आहे." पेर्लानं त्यांना कोर्टात असं सोलून काढलं की त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नसेल. तेव्हापासून ज्यूंना शिव्या कोण देतं आणि का देतं, हाच तिचा अभ्यास, आणि त्यावरच ती पुस्तकं लिहिते. लोकांच्या बायका उशाशी बागकामाची पुस्तकं ठेवतात. माझी बायको निनावी धमक्या उशाशी घेऊन खुशाल घोरते.

अडचण एकच, माझे सासरे. मेंडेल, जन्माचे शिंपी, लहानपणी पोलंडमधून जीव वाचवून आलेले. लेकीच्या आधीच्या एकाही पुस्तकाच्या प्रकाशनाला ते फिरकले नव्हते.

"ताते, या वेळी तरी या ना," पेर्ला वडिलांना म्हणाली.

"कशाला? त्या हलकटांची नावं ऐकायला? अगं, अशांची नावं पुसायची असतात. तू छापतेस!"

"कोर्टात 'एक हलकट' एवढंच लिहून चालत नाही, ताते."

"मग बस वाचत. मी घरी हेरिंग मासा खातो."

पेर्ला हसली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला म्हाताऱ्याचा असा राग आला म्हणता!

प्रकाशनाला हॉल गच्च भरला. कार्यक्रम सुरू झाल्यावर सासरे आले आणि अंगातला कोटही न काढता मागच्या रांगेत बसले. पेर्लानं त्यांना पाहिलं आणि पुस्तक उघडून वाचायला लागली. पहिल्याच पानावर विषारी पत्रकं वाटणाऱ्या एका माणसाचं नाव होतं. तिनं ते वाचलं आणि मागून धाड धाड आवाज आला. सासरे बूट आपटत होते.

पुरिमच्या सणाला पोथीत हामान या आमच्या जुन्या वैऱ्याचं नाव आलं, की ते ऐकूच येऊ नये म्हणून आम्ही असाच गोंगाट करतो. पण पुस्तकाच्या प्रकाशनात? सगळे मागं वळून बघायला लागले. मग एका आजीबाईंनी काठी आपटली, आणि अख्खा हॉल दणाणला. मीही आपटले पाय.

गोंगाट थांबला, तरी पेर्ला चष्माच पुसत उभी.

"थांबलीस का?" सासरे मागून ओरडले. "पुढचं नाव घे. मोठ्यानं घे!"